वेगळी खोली कुणी मागितली?



आमच्या अभ्यासवर्गात एका पोरानं सवाल टाकला आणि वर्ग गप झाला. विषय अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चचा चालला होता. १९३९ साली या चर्चनं आपल्या काळ्या सभासदांचा वेगळा विभाग पाडला, एवढं सांगून झालं होतं. पोरगं उठलं आणि म्हणालं, "दादा, यात बिघडलं काय? त्यांना त्यांचे बिशप मिळाले, त्यांच्या परिषदा मिळाल्या. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितला, तो तरी दुसरं काय होता? आपण मागितला की हक्क, आणि गोऱ्यांनी दिला की अन्याय, असं कसं?"

दोघातिघांनी माना डोलावल्या. मी तिथं जे उत्तर दिलं ते तोकडं पडलं. सवाल मात्र खरा आहे, आणि उद्या तो कुठल्यातरी समरसतावाल्याच्या तोंडून तुमच्या अंगावर येणार आहे. म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी हे मेथडिस्ट म्हणजे कोण ते बघू. इंग्लंडच्या जॉन वेस्लीपासून हा पंथ निघाला. वेस्लीनं १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. १७८४ साली बाल्टिमोरला अमेरिकेतलं मेथडिस्ट चर्च उभं राहिलं तेव्हा नियम झाला की सभासदानं आपले गुलाम मोकळे करायचे. नियम झकास. पण मळेवाले ओरडले, आणि सहा महिन्यांच्या आत नियम गुंडाळून फडताळात गेला. देवाचा कायदा आणि मळेवाल्याचा धंदा यांची गाठ पडली की माघार देवानंच घ्यायची. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. सर्वांभूती एकच ईश्वर सांगणाऱ्यांच्या गावात पाणवठा कुणाचा होता, हे आपल्या आज्यांना विचारा.

त्याच काळातली फिलाडेल्फियाची गोष्ट. तिथं सेंट जॉर्ज नावाचं मेथडिस्ट चर्च. रिचर्ड अ‍ॅलन नावाचा माणूस तिथं उपदेश करायचा. जन्मानं गुलाम, स्वतःच्या मेहनतीच्या पैशानं स्वतःला विकत घेतलेला. त्याच्यामुळं काळी माणसं चर्चमध्ये येऊ लागली. गर्दी वाढली तशी गोऱ्यांना अडचण होऊ लागली. मग काळ्यांची जागा बदलत गेली. आधी भिंतीकडेला, मग वरच्या माडीवर. एका रविवारी प्रार्थना चालू असताना, गुडघ्यावर बसलेल्या अ‍ॅब्सलॉम जोन्सला चर्चच्या विश्वस्तानं धरून उठवलं. तो म्हणाला, प्रार्थना संपू द्या. विश्वस्त म्हणाला, आत्ताच ऊठ. प्रार्थना संपली आणि सगळी काळी माणसं एकजात उठून बाहेर चालती झाली. ज्या माडीच्या बांधकामाला त्यांनी पैसे दिले होते, घाम गाळला होता, तीच माडी सोडून.

अ‍ॅलननं लोहाराचं एक जुनं दुकान विकत घेतलं, घोडे जुंपून ते आपल्या जागेवर ओढून आणलं, आणि १७९४ साली तिथं बेथेल चर्च सुरू केलं. गोऱ्या मेथडिस्टांनी या चर्चवरही मालकी सांगितली. प्रकरण पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च कोर्टात गेलं. १८१६ साली निकाल काळ्यांच्या बाजूनं लागला, आणि त्याच साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ झाला. रिचर्ड अ‍ॅलन त्याचा पहिला बिशप.

हे लक्षात ठेवा. अ‍ॅलनही वेगळाच झाला. पण तो आपल्या पायानं चालत बाहेर गेला, आणि बाहेर जाऊन मालक झाला. त्याच्या दाराची किल्ली त्याच्या खिशात होती.

सगळे काळे बाहेर पडले नाहीत. लाखो आतच राहिले. पुढं १८४४ साली चर्चच फुटलं. बिशप जेम्स अँड्र्यू यांच्या घरात गुलाम होते. गुलाम ठेवणारा बिशप चालेल का, यावर उत्तर आणि दक्षिण भांडली. दक्षिणेचं मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च, साउथ वेगळं झालं. यादवी युद्धात गुलामगिरी गेली, तेव्हा दक्षिणेच्या गोऱ्यांनी आपल्याकडे उरलेल्या काळ्या सभासदांना १८७० साली वेगळं चर्च काढून दिलं आणि हात झटकले. उत्तरेच्या चर्चमध्ये मात्र काळे सभासद होते. त्यांच्या परिषदा बहुधा वेगळ्या असायच्या, पण चर्च एकच होतं.

मग विसाव्या शतकात गोऱ्या भावाला गोऱ्या भावाची आठवण आली. उत्तर आणि दक्षिण पुन्हा एक व्हायला निघाले. ऐक्य! हा शब्द ऐकला की दलितानं आधी आपला खिसा चाचपावा. दक्षिणेची अट होती की आम्ही एक होऊ, पण काळ्या बिशपची हुकमत आमच्या गोऱ्या पाळकांवर चालणार नाही. उत्तरेनं अट मान्य केली. योजना ठरली. नव्या मेथडिस्ट चर्चचे सहा विभाग. पाच विभाग नकाशावरून पाडले. सहावा कातडीवरून. शिकागोतला काळा मेथडिस्ट शेजारच्या गल्लीतल्या गोऱ्या मेथडिस्टाच्या विभागात नाही. तो शेकडो मैलांवरच्या लुइझियानातल्या काळ्या मेथडिस्टाच्या विभागात. त्याचं नाव सेंट्रल ज्युरिसडिक्शन, म्हणजे मध्यवर्ती विभाग. गावकुसाबाहेर ढकललेल्या वस्तीला मध्यवर्ती म्हणायचं. आपल्याकडं हरिजन म्हणाले, तिकडं मध्यवर्ती म्हणाले. नाव ठेवण्यात हे लोक कधी कमी पडले नाहीत.

या योजनेवर उत्तरेच्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचं मतदान कधी झालं? मे १९३६. ओहायोतल्या कोलंबस शहरी सर्वसाधारण परिषद भरली. तिथं ४७ काळे प्रतिनिधी होते. ३६ जणांनी विरोधात मत दिलं, ११ तटस्थ राहिले. मेरी मॅक्लाउड बेथ्यून त्या विरोधकांत होती. गुलाम आईबापांची पोर, जिनं काळ्यांसाठी कॉलेज उभं केलं. योजना पास झाली. गोरे प्रतिनिधी उभे राहून भजन गाऊ लागले. काळे प्रतिनिधी बसून राहिले. त्यातले काही रडत होते.

आता तारखा जुळवा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. देशभरचे धर्मगुरू जागे झाले. जो तो आपापलं दार उघडून उभा राहिला. मुंबईच्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे बिशप बॅडली यांनीही त्या घोषणेचं स्वागत केलं, नवं युग सुरू होतंय म्हणाले. शिवाय असंही म्हणाले की नुसतं चर्च हा बदल घडवू शकत नाही, मनाचा पालट ही माणूस आणि त्याचा निर्माता यांच्यातली गोष्ट आहे. त्यानंतर जेमतेम सात महिन्यांत, ३० आणि ३१ मे १९३६ ला, मुंबईत महार परिषद भरली आणि बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केलं. त्याच मे महिन्यात, त्याच मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चनं, समुद्रापलीकडे आपल्या काळ्या लेकरांना सहाव्या खोलीत बंद करायचा ठराव पास केला. मुंबईत एक हात पुढं, कोलंबसमध्ये दुसरा हात दाराच्या कडीवर.

याच कारणानं बाबासाहेब ख्रिस्ती झाले नाहीत असं मी म्हणत नाही. त्यांची कारणं त्यांनी स्वतः सांगून ठेवली आहेत. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याचं काय झालं यावर त्यांचं लिखाण इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहे, ते वाचा. चर्चमध्ये जात शिल्लक कशी राहिली, हा त्यांचा रोकडा सवाल होता. मी फक्त दोन कागद शेजारी ठेवतोय.

आता पोराच्या सवालाकडं येऊ.

स्वतंत्र मतदारसंघ बाबासाहेबांनी मागितला. कुणी लादला नव्हता. मागणाऱ्यानं आपल्या संरक्षणासाठी मागितला आणि ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात तो मिळाला. त्यात अस्पृश्याला दोन मतं होती. एक मत आपला माणूस आपण निवडायचं. दुसरं मत सर्वसाधारण मतदारसंघात, सवर्ण उमेदवाराच्या नशिबाचा फैसला करायचं. हे दुसरं मत विसरू नका. त्या मतासाठी सवर्ण पुढाऱ्याला आपल्या दारात यावं लागलं असतं. पहिलं मत आपल्या घराचं, दुसरं मत सगळ्या गावाचं. मग येरवड्यात उपोषण झालं. हिंदूंचं ऐक्य धोक्यात आलं. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण आपला माणूस केवळ आपल्या मतांनी निवडून पाठवायचा हक्क गेला. बाबासाहेबांनी पुढं लिहून ठेवलं की दोन मतांचा हक्क अमोल होता, वाढीव जागांनी त्याची भरपाई होत नाही.

आता अमेरिकेकडं बघा. तिथं काळ्यांनी वेगळा विभाग मागितलाच नव्हता. विरोधात ३६ मतं, बाजूनं एकही नाही. तरी दिला. त्यात त्यांना आपले बिशप निवडता येत होते. पण तो बिशप काळ्यांपुरताच. गोऱ्यांच्या पाच विभागांत बिशप कोण होणार यात काळ्याचं मत शून्य. सर्वसाधारण परिषदेत त्यांचे प्रतिनिधी बसत, पण मूठभर.

म्हणजे काय झालं? पुण्यात आपलं घराचं मत काढून घेतलं. तिकडं गावाचं मत काढून घेतलं. इथं आपण वेगळं मागितलं तेव्हा म्हणाले, तुम्ही घर फोडता, एकत्रच राहा. तिकडं काळ्यांनी एकत्र मागितलं तेव्हा म्हणाले, वेगळं राहा, त्यातच तुमचं भलं आहे. दोन्हीकडं ऐक्य वाचलं. दोन्हीकडं ऐक्याचं बिल एकाच माणसाच्या हातात दिलं. वेगळं की एकत्र, हा वाद मालकाला कधीच नव्हता. हत्यार कुठल्या हातात आहे ते बघून तो हात तोडायचा, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान.

म्हणून, पोरा, तुझं उत्तर हे आहे. खोली वेगळी आहे का, हे नंतर बघ. आधी विचार, ती मागितली कुणी? आणि लगेच विचार, मोठ्या दिवाणखान्यात तुझं मत चालतं का? अ‍ॅलनची खोली, बाबासाहेबांचा मतदारसंघ आणि सेंट्रल ज्युरिसडिक्शन या तिन्हींना वेगळेपण म्हणून एका गाठोड्यात बांधणारा एकतर अडाणी आहे, नाहीतर लबाड.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. त्या सहाव्या खोलीतही माणसं जगली. तिथं बिशप घडले, पाळक घडले, बायकांच्या संघटना घडल्या. सभा कशी चालवायची, ठराव कसा मांडायचा, हे हजारो काळ्या बायाबापड्या तिथं शिकल्या. काही काळ्या पुढाऱ्यांनी हा सौदा नाइलाजानं पत्करलाही होता. महारवाड्यातही तमाशा झाला, पोवाडा झाला, आखाडे झाले. म्हणून महारवाडा न्याय्य ठरत नाही. अंधारात माणसानं दिवा लावला, त्याचं श्रेय अंधाराला द्यायचं नसतं.

आणि ती खोली बाहेरून कशी दिसायची ते मिसिसिपीत जाऊन बघा. जॅक्सन शहर, १९६३. जूनमध्ये मेडगर एव्हर्सचा त्याच्या घरासमोर खून झाला, ते शहर. तिथल्या मोठ्या गोऱ्या चर्चांच्या दारात रविवारी सकाळी पहारा असायचा. ६ ऑक्टोबरला जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी एकत्र प्रभुभोजन घ्यायचा रविवार होता. त्या दिवशी तीन तरुणी, दोन काळ्या आणि एक गोरी, कॅपिटॉल स्ट्रीट मेथडिस्ट चर्चमध्ये जायला निघाल्या. पोलिसांनी तिघींना अटक केली. प्रभूच्या पंक्तीला बसायला गेल्या म्हणून.

पुढच्या वर्षी, २९ मार्च १९६४, ईस्टरचा रविवार. दोन मेथडिस्ट बिशप जॅक्सनच्या गॅलोवे मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या पायऱ्या चढले. एक चार्ल्स गोल्डन, काळे. दुसरे जेम्स मॅथ्यूज, गोरे. हे मॅथ्यूज तरुणपणी मुंबईत मिशनरी म्हणून राहिलेले, म्हणजे आपल्या गावचं पाणी प्यालेले. दारातल्या माणसांनी दोघांनाही परत पाठवलं. स्वतःच्या चर्चचे बिशप, आणि दिवस येशू थडग्यातून उठल्याचा! काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली आपली माणसं उभी होती. पण तिथला पुजारी निदान असं म्हणत नव्हता की बाबासाहेब आमचे शंकराचार्य आहेत. इथं बिशप म्हणून मान्य, आणि माणूस म्हणून दारात अडवलेला.

शेवटी ती खोली मोडली. कुणाच्या हृदयाचा पालट झाला म्हणून? रस्त्यावर मोर्चे होते, तुरुंग भरले होते. चर्चमधले काळे पाळक, विद्यार्थी आणि बायका वर्षानुवर्षं ठराव आणत होत्या. त्याआधी १९५० च्या दशकात चर्चनं एक सवलत काढली होती. ज्या काळ्या चर्चला गोऱ्या विभागात यायचं असेल त्यानं यावं, पण दोन्हीकडच्या परिषदांनी दोन तृतीयांश मतांनी मान्य केलं तर. म्हणजे तू आत ये, पण आतल्यांनी हो म्हटलं तर. १९६४ साली पहिल्यांदा काळे बिशप गोऱ्या बहुसंख्येच्या परिषदांवर नेमले गेले. प्रिन्स टेलर न्यू जर्सीत, जेम्स थॉमस आयोवात. १९६८ साली डॅलसला युनायटेड मेथडिस्ट चर्च झालं आणि त्याच्या घटनेत सहावा विभाग ठेवला नाही. त्याच वर्षी काळ्या मेथडिस्टांनी स्वतःची संघटना काढली. खोली मोडली म्हणून स्वस्थ बसायचं नाही, एवढं त्यांना कळलं होतं. दक्षिणेतल्या शेवटच्या काळ्या परिषदा गोऱ्यांत विलीन व्हायला १९७३ उजाडलं.

आणि विलीन झाल्या म्हणजे काय झालं? काळ्या परिषदेची पदं गेली. गोऱ्या परिषदेच्या कचेऱ्या, नियम, गाणी आणि वेळापत्रक तसंच राहिलं. काळा पाळक बहुतेक वेळा काळ्याच चर्चवर नेमला जायचा. पगार आणि निवृत्तिवेतनातली तफावत मिटवायला घासाघीस करावी लागली. आधी वेगळं ठेवण्याची किंमत काळ्यांनी दिली, मग एकत्र येण्याची किंमतही काळ्यांनीच दिली. आज अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट सभासदांत गोरे नव्वद टक्क्यांच्या आसपास आहेत. भिंत पडली, पण रविवारी सकाळी माणसं अजून तिच्या जुन्या रेषेवरच बसतात.

२००० साली क्लीव्हलंडच्या सर्वसाधारण परिषदेत पश्चात्तापाची उपासना झाली. ज्यांना हाकललं त्या काळ्या पंथांची माफी मागितली. चांगलं झालं. आपल्याकडं कुठल्या पीठानं, कुठल्या मठानं एवढं तरी केलंय? पण गंमत बघा. जे बाहेर गेले त्यांची माफी मागितली, आणि जे सगळं सोसून आत राहिले त्यांच्यासाठी वेगळी उपासना व्हायला २००४ साल यावं लागलं. घरातल्या माणसाचा अपमान घराला शेवटी दिसतो.

दोस्तांनो, हे वाचून ख्रिस्ती लोकांना हिणवायला एक काठी मिळाली असं समजू नका. आपल्यातूनच ख्रिस्ती झालेला भाऊ दोन्हीकडून मार खातोय. चर्चमध्ये त्याची जात शाबूत, सरकारदरबारी त्याची जात पुसलेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं त्याला अनुसूचित जातीच्या बाहेर ठेवलं. १९५६ मध्ये शीख दलित आत आला, १९९० मध्ये आपण बौद्ध आत आलो, तो तसाच दारात राहिला. आपण आत आल्यावर त्याच्यासाठी दार धरून किती जण उभे राहिलो? १९७२ साली पँथर हे नाव आपण काळ्यांकडून घेतलं. नाव घेतलं तसा हिशोबही घ्यावा लागेल.

आणि आता आपल्या स्वतःच्या दिवाणखान्याकडं या. जयंतीच्या कमिटीत मातंग वस्तीतला पोरगा असतो. नाव छापलेलं असतं, पत्रिकेत तिसऱ्या ओळीत. वर्गणीची वही कुणाकडं असते? ठराव कोण लिहितं? बायका पांढऱ्या साड्या नेसून मिरवणुकीत पुढं असतात, निळ्या झेंड्याखाली त्यांचे फोटो निघतात. विहाराच्या ट्रस्टवर किती बाया आहेत? "महिला आघाडी काढून दिली की", असं आपले पुढारी म्हणतात. ती आघाडी बायांनी मागितली होती का? आणि मूळ कमिटीत त्यांचं मत चालतं का? बघा, तेच दोन सवाल फिरून आपल्या दारात आले. कोलंबसच्या त्या सभागृहात उभं राहून गाणारे लोक राक्षस नव्हते. त्यांना खरोखर वाटत होतं की आपण मोठं काम करतोय. आपल्यालाही तसंच वाटत असतं.

सवाल विचारणाऱ्या पोराला मी परत गाठणार आहे. तू बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस, हे त्याला सांगायचंय. पुढच्या वर्गात हाच विषय घेऊ. पण यावेळी सुरुवात अमेरिकेपासून करायची नाही. आधी आपल्या कमिटीची वही मधोमध ठेवायची, आणि आजवर तिला कुणाकुणाचा हात लागला ते मोजायचं.

जयभीम.